आरामशीनशेजारचं शांत पोर

लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांची पोरं आवाजाला सरावतात, असं आम्ही सगळे धरून चालायचो. त्यामुळे भागीरथेचा केशव करवत चालू असतानाही गाढ झोपायचा, याचं गल्लीत कौतुकच होतं. माझ्या पोरांनी मला कधी एवढी उसंत दिली नव्हती. मला तर तिचा हेवा वाटायचा.

जन्मल्याबरोबर केशवला कावीळ झाली होती, इतकी की रक्त बदलावं लागलं. त्यानं कान जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर अरुंधतीबाईंनी दर तीन महिन्यांनी तपासायला आणा असं बजावलं होतं. पहिल्या खेपेला नक्की काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला सासू पार्वतीबाई आडव्या आल्या.

"काहून नेऊन राहिली वं पोराले? ओंडका पडला का दचकते तो. ऐकू येते त्याले."

भागीरथा म्हणजे गरीब गाय. पण त्या दिवशी म्हणाली, "तुमीबी चाला मंग." सासूबाई निघाल्या, डॉक्टरणीचं तोंड बंद करायला. मीही गेले सोबत.

आईच्या मांडीवर बसून, मेजावर हात टेकून केशव समोरची बाहुली पाहत होता. मागून घंटी वाजली. त्यानं मान वळवली नाही. पार्वतीबाईंनी चिडून मेजावर थाप मारली, तसा तो झटकन वळला.

"पाहा," म्हातारी म्हणाली.

अरुंधतीबाईंनी भागीरथेला पोरासकट जरा मागे सरकायला लावलं, त्याचे हात मेजावरून काढले. "आता मारा."

म्हातारीनं मारली. मग आणखी जोरात मारली. पोर बाहुलीकडेच पाहत राहिलं.

"त्याला हादरा कळतो, आवाज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. कानाचं यंत्र लावू, पण बोलणं यायला घरी सतत बोलत राहा त्याच्याशी."

म्हातारी वाटभर रडत होती. तिच्यावरचा माझा राग तिथंच गेला.

केशवच्या छातीवर यंत्राचा खिसा आला आणि भागीरथेचं तोंड सुटलं. भाकरी थापताना, भांडी घासताना, अखंड. पोर तीन वर्षांचं होत आलं तरी नुसतं पाहायचं. तिचा धीर खचत होता, मला दिसायचं. एका दुपारी ती त्याला भरवता भरवता बोलतच होती, तेव्हा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "चूप."

भागीरथेनं त्याला उराशी धरलं, पोटभर रडली. चूप मात्र बसली नाही.