दगडूबाची पांढरी

दगडूबा गेल्याचं मला भिवा धनगरानं येऊन सांगितलं. धारूरच्या कचेरीबाहेर मी नेहमीसारखा अर्ज लिहीत बसलो होतो. भिवा पाच कोस चालत आलेला. काठी बाजूला ठेवून समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुमचा दोस्त गेला हो." मी हातातला अर्ज तसाच पुरा केला. काय लिहिलं देव जाणे; ज्या बाईचा अर्ज होता, तिला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं... आज दीड महिना झाला. रडून झालंय. आता त्याची आठवण आली की हसूच जास्त येतं.

दगडूबा चार बैलांचा शेतकरी. अक्षरशत्रू, पण एकदा बोलायला बसला की समोरच्याचा पिच्छा सोडायचा नाही. मी निजाम सरकारच्या उर्दूत अर्ज खरडून पोट भरणारा. गावानं आपलं भांडण गावातच मिटवलं की माझं गिऱ्हाईक गेलं, आणि हा गडी नेमकं तेच करायचा! तरी आमची दोस्ती जमली. कशी, ते मला आजवर कळलेलं नाही.

एका साली भिवाची मेंढरं दगडूबाच्या हुरड्यात आलेल्या ज्वारीत शिरली. निम्मं वावर साफ. गाव बसलं. जुन्या कागदांत 'समस्त पांढरी' असं लिहिलेलं असतं. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्ती; आणि त्या वस्तीतली, एकत्र बसून आपला न्याय आपणच करणारी माणसं, तीही पांढरीच. तर ह्या पांढरीनं ठरवलं, की भिवानं बायकापोरं आणि मेंढरं घेऊन हद्दीबाहेर चालतं व्हावं. भिवाला मात्र कुणी बोलावलंच नव्हतं. तो पडला माळावरचा! तो म्हणाला, "मी पांढरीतला न्हाई, तर पांढरीचं कावून ऐकू?" बिनतोड. मग गावचे पाटील दगडूबाला घेऊन माझ्याकडे आले. कचेरीत अर्ज करून भिवाला हुसकायचं होतं. मी खुशीत कागद काढला. फिर्यादी म्हणून अंगठा दगडूबाचा हवा होता.

तो काही अंगठा देईना. "लिहू नको बे, मुन्शी," म्हणाला. "आज भिवासाठी शिपाई आणायचा, उद्या बांधासाठी. मंग गाव आपलं ऱ्हायलं कुठं?"

"अरे, ज्वारी तुझी गेली ना?" मी चिडलो.

"गेली की. भरपाई घेणारच हाय मी. पर ज्याच्याकडनं घ्यायची, त्याला आधी बसायला जागा तर द्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना माळावर नेलं. मीही गेलतो, गंमत बघायला. भिवाच्या पालापाशी, चुलीच्या जागी, दगडूबानं कुदळीचे दोन घाव घातले. माळाचा मुरूम लालभडक. तिथली माती मात्र वीतभर खोल करडी, पांढुरकी निघाली. "बगा," तो म्हणाला. "गावाला पांढरी कावून म्हणत्यात? माणसं ऱ्हायली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख मातीत मिसळली. पांढरी काय आभाळातनं पडली न्हाई. हितं बारा वर्सं राख पडतीय." पाटील वाकून ती माती बोटांत चोळत राहिले. मी मनात म्हटलं, गेलं आपलं गिऱ्हाईक.

भिवाला त्याच दिवशी पारावर बसवलं. आणि बसल्यावर त्याला निवाडाही ऐकावा लागला: पंधरा दिवस मेंढरं दगडूबाच्या वावरात बसवायची, फुकट. लेंडीखत असं पडलं, की पुढच्या साली ज्वारी डोक्याच्या वर गेली. ती दाखवायला दगडूबानं मला मुद्दाम ओढत नेलं. "तुझ्या कागदानं एवढी कणसं आली असती का बे?" मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. फार सुखाचा दिवस होता तो.

तेराव्याला मी गावी गेलो. जेवणं उरकल्यावर पांढरी त्याच्याच ओसरीवर बसली, पांढरीत त्याच्या घरची जागा आता कुणी घ्यायची हे ठरवायला. त्याला मूलबाळ नव्हतं. कुणीतरी म्हणालं, घाटनांदूरच्या पुतण्याला आणा. भिवा, आता म्हातारा झालेला, सावकाश बोलला, "त्यो हितं एक दिस ऱ्हायला न्हाई. वैनी बसतील की." सगळे हसले. बाईमाणूस पांढरीत? मीही हसलो, खोटं कशाला बोलू...

तेवढ्यात दगडूबाची बायको, सारजावैनी, दारात आल्या. रडून रडून आवाज बसला होता. "हसता कावून?" त्या म्हणाल्या. "राखेनं पांढरी झाली म्हणं. चाळीस वर्सं ती राख काढली कुणी? तुमी?"

मग पाटील स्वतः बाजूला सरकले. घोंगडीवर एका माणसापुरती जागा झाली. वैनींनी पदर सावरला, तिथं बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोला आता. कुणाचं काय हाय?"