मंजुळाअक्काचं रडणं

आमच्या गल्लीतली मंजुळाअक्का रडण्यात पटाईत होती. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात मयत झाली की बाया आधी तिला बोलावणं धाडत. मेलेल्याचं नाव घेऊन ती हेल काढी आणि त्याचं सगळं आयुष्य ओळींत बसवी. पुरुष बाहेर ओट्यावर बसत. बायांच्या रडण्यातले शब्द ऐकायचे नसतात, नुसता आवाज ऐकायचा, अशी आमच्याकडची रीत.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीनंतर अक्काचाच एकुलता एक पोरगा, चिंधा, विहिरीतली मोटर काढायला उतरला आणि करंट लागून गेला. आधीची तीन लेकरं गेली म्हणून याचं नाव चिंधा ठेवलेलं; यमाला वाटावं, चिंधीच आहे, राहू दे. यमानं चिंधीही सोडली नाही. दहा दिवस लोक दारावर येत होते. मीही ओट्यावर बसून स्टार्टर कोणी चालू केला यावर वाद घातला. आत अक्का रडत होती. तिचा भाचा भाईदास, जो धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये गायचा, तेवढा उंबऱ्याशी मान खाली घालून बसलेला असायचा.

दिवाळीला त्याची अहिराणी गाण्यांची कॅसेट निघाली. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो आणि कवी होण्याचा आजार मला नुकताच जडला होता. त्यातल्या एका विरहगीतानं तो बळावला:

एक चप्पल इहिरवर, एक मन्हा दारमा,
सांग मन्हा राजा, तू कोन्हा घरमा?

विहीर म्हणजे मन, दार म्हणजे देह, असा मी तीन पानं अर्थ लिहून कॉलेजच्या भित्तिपत्रकात लावला. त्या दोन ओळींच्या जोरावर पन्नासेक कविता पाडल्या. सुट्टीत टेप घेऊन गावी गेलो. भाच्याचं अक्काला कौतुक वाटेल म्हणून तिच्या दारातच लावला.

अक्का दादर ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. गाणं संपेपर्यंत ती टेपकडे बघत राहिली.

"हाई मन्हं रडनं शे, भाऊ," ती म्हणाली. "चिंधानं नाव काढी टाकं त्यानी." 'मन्हा राजा'च्या जागी तिनं 'मन्हा चिंधा' म्हटलं होतं.

मग तिनं दाराआड बोट दाखवलं. तिथं चिंधाची एक चप्पल होती, प्रेताबरोबर घरी आलेली. दुसरी विहिरीच्या कठड्यावरच राहिलेली. ती आणायला तिच्या नवऱ्याचं, सुपडूनानांचं, पाऊल उचललं नव्हतं. दहा दिवस मी ही चप्पल ओलांडून आत पाणी प्यायला जात होतो.

धुळ्याला परतल्यावर भाईदासला एका मांडवात गाठलं. तो माईक तपासत होता.

"रडनं काय कोन्हं ऱ्हास का?" तो म्हणाला. "बठ्ठ्या बाया रडतस."

"शब्द तिचे होते ना."

"तू बी व्हता ना तठे. तुले काय ऐकू उनं?"

मला स्टार्टरचा वाद तेवढा ऐकू आला होता.

वर्ष उलटल्यावरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चिंधाची पहिली घागर होती. मेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर पुजायची आणि आईनं त्याला हाक मारून रडायचं. तोवर कॅसेट लग्नांत, चहाच्या टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर पोचली होती. बाया जमल्या. अक्कानं हेल काढला, पहिली ओळ म्हटली. मागून नव्या सुनांपैकी एक हळूच बोलली, "अक्का कॅसेटनं गानं म्हनी ऱ्हायनी." दोघीतिघी पदरात हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना गाणं आवडत होतं. अक्का थांबली. दुसरे शब्द जुळवून पाहिले, जुळेनात. घागरीवर आंबा ठेवून ती उठली.

त्यानंतर ती कोणाच्याच मयतीला रडली नाही. ब्याण्णव साली सुपडूनाना वारले, तेव्हाही भिंतीला टेकून कोरडी बसली. बाई दगडाची आहे, असं पुरुष ओट्यावर कुजबुजले.

"रड वं अक्का," शेजारची ताईबाई म्हणाली, "नवरा ग्या तुन्हा."

"रडसू, तं लोके गानं समजतीन."

मग ताईबाईच तिच्या वतीनं रडली. नानांना न्यायची वेळ झाली होती.