आधी जेवणारी वहिनी

आमची वहिनी कढई घासायला टाकण्याआधी पोळीच्या तुकड्यानं पुसून खायची. पातेल्याच्या बुडाची खरवड, आईच्या ताटात उरलेला वरणभात, तिच्या पोरीनं तोंड वाकडं करून सरकवलेली भाजी, सगळं तिच्याच पोटात जायचं. "अन्न का नालीत फेकायचं, भाऊजी?" असं म्हणायची आणि वर स्वतःच्या वाटणीचं जेवायचीच. तेही सगळ्यांचं आटोपल्यावर, ओट्याशी उभ्यानं. चाळिशी उलटता उलटता ती चांगलीच जाड झाली. "चौबे कॉलनीत दोनच गोष्टी दुरून दिसतात बाप्पा, पाण्याची टाकी आणि मी," असं तीच हसत सांगायची. आता ती नागपूरला पोरीकडे राहते. इथं रायपूरच्या घरात आई आणि मी, आणि उरलेलं अन्न खुशाल गाईला जातं.

दादा म्हणजे तिचा नवरा, माझा थोरला भाऊ, शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये फोरमन होता. जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण त्याच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर आडवा पडू लागला. किडनी देणारं घरातलंच कुणी हवं होतं. मला साखर, त्यामुळे माझा निकाल पहिल्याच फटक्यात लागला. आईचं वय झालेलं. पोरीची घेणार नाही, असं दादानं निक्षून सांगितलं. राहिली वहिनी. तिचं सगळं जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, वजन फार आहे, बीपी काठावर आहे, असं ऑपरेशन आम्ही करणार नाही. हळूहळू उतरवा, टिकेल असं उतरवा, मग बघू. हळूहळू! इकडे दादा दिवसेंदिवस काळवंडत चाललेला आणि हे म्हणतात हळूहळू. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

वहिनीला कसला धीर निघतो! तिनं सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी आणि एकादशी तर होतीच. आमच्याकडचा उपास म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुपातली साबुदाण्याची उसळ, वर दाण्याचा कूट, भगर, बटाट्याचा कीस, मध्ये राजगिऱ्याचा लाडू. पुण्य आणि पोट दोन्ही भरतात. महिन्याभरानं काट्यावर उभी राहिली तर वजन वाढलेलं! दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ती पदरात तोंड घालून रडली. "देवाले पण माह्याच अंगावर मांस चढवाचं होतं का, भाऊजी?" मला हसूही येईना आणि रडूही येईना.

तिथली आहार सांगणारी मुलगी पोरीच्याच वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दीदी, उपवास बंद. भूखे नहीं रहना है. सबसे पहले आप खाओ, बैठ के, शाम को सात बजे." झालं! आमच्या घरात बाई आधी जेवते? त्या संध्याकाळी वहिनी पाटावर बसली, ताटात एक पोळी, वाटीभर वरण, ढीगभर काकडी आणि मूठभर भात. आई दारात उभी राहून बघत होती. तिला राहवेना. "नवऱ्याच्या आधी जेवून राहिली तू?" घास वहिनीच्या हातातच राहिला. मग ती म्हणाली, "आई, त्याइच्याचसाठी जेवून राहिली मी." दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला आईनंच पाट मांडला.

तिथून पुढं सगळं असंच बारीक बारीक. चहातली साखर आधी अर्धी झाली, मग गेली. भाताच्या ह्या मुलखात राहून तिनं भाताची परात सोडून वाटी धरली. सकाळी बागेला एक फेरी मारायची, मग दोन, पुढंपुढं मला मागे टाकून निघायची. उरलेलं खायचं मात्र तिला काही केल्या सुटेना. शेवटी डायलिसिसनं थकलेला दादा जेवणं झाली की स्वतः उठून उरलंसुरलं भांड्यात काढायचा आणि फाटकाबाहेर गाईला घालून यायचा. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका कुजबुजायच्या, काहून वाळली ही, घरात त्रास आहे काय? पोरगी चिडायची, "मम्मी, लोग क्या क्या बोल रहे हैं!" वहिनी म्हणायची, "बोलू दे. त्याइचं तोंड, माही किडनी."

वर्ष उलटून गेलं. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिलाईला जागा उरली नाही. बीपी ताळ्यावर आलं आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता चालेल, तारीख ठरवू. वहिनी घरी आली ती थेट दादाच्या खाटेपाशी. "झाली मी पास," म्हणाली. दादानं तिचा हात धरला आणि सोडेचना. मी बाहेर निघून आलो.

त्याच आठवड्यात दादाला ताप भरला. जंतू रक्तात गेले म्हणाले. ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी दादा गेला. माझा भाऊ गेला आणि त्याला वाचवणारी, ठणठणीत, चार दिवस उशिरा तयार झालेली बायको त्याच्या उशाशी बसलेली होती. ह्याला काय म्हणावं, मला अजून कळत नाही.

तेरवीला पंगत बसली. वहिनी मान खाली घालून काकडी चिवडत होती. बिलासपूरची आत्या सरकत तिच्याजवळ आली आणि तिच्या ताटात बुंदीचे दोन लाडू ठेवले. "खाय वं माय आता पोटभर. कोणासाठी जीव सुकवून राहिली? ज्याच्यासाठी करत होती तो तर गेला." वहिनीनं लाडू उचलले आणि हळूच आत्याच्या ताटात ठेवले.

"त्याइच्यासाठी ठेवलेली वस्तू अजून माह्याच अंगात आहे, आत्याबाई," ती म्हणाली. "तिले मी खराब कशी होऊ देऊ?"