कुलपातल्या आठाची जागा

भाचीचं लग्न वसमतच्या एका मंगल कार्यालयात होतं, मुहूर्त दुपारचा. अक्षता वाटून झाल्या होत्या आणि मंगळसूत्र एका नव्या बॅगेत कुलूपबंद होतं. कुलूप चार आकड्यांचं. ते लावलं होतं नवरदेवाच्या चुलत्यांनी, गणिताच्या निवृत्त शिक्षकांनी. त्यांना आकडे आठवत होते: एक, दोन, पाच, आठ. क्रम आठवत नव्हता.

बॅग कापायला त्यांनी नकार दिला; शुभकार्यात तोडफोड नको. एकूण चोवीसच क्रम होतात, एकेक फिरवून बघू, असं मी सुचवलं. मी नवरीचा मामा आणि त्यात बातमीदार, त्यामुळे माझ्या सूचनेला दोन्ही बाजूंनी वजन नव्हतं.

"तुक्केच मारायचे तर जन्मभर गणित काहून शिकवलं मी?" चुलते म्हणाले.

लग्नपत्रिका उलटी करण्यात आली. कोणीतरी पेन दिलं. चुलते सांगू लागले, "दोन झाला की लगेच पाच, हे पक्कं. एक अन् आठ शेजारी न्हाईत, हेबी पक्कं. आठ पहिला न्हाई. शनीचा आकडा हाय तो. लग्नाची सुरुवात मी शनीनं करीन का?"

फेटे बांधलेली शिकलेली मंडळी भोवती बसली. दोन-पाच ही जोडी एकत्र राहणार. एक आणि आठ शेजारी नाहीत, म्हणजे जोडी त्यांच्या मधोमध. उरल्या दोनच शक्यता: एक-दोन-पाच-आठ किंवा आठ-दोन-पाच-एक. आठ पहिला नाही, म्हणून पहिलीच खरी. बालवाडीतलं पोरगं म्हणतं तो चढता क्रम तर्कशुद्ध पद्धतीने हाती लागला होता. एका प्राध्यापकांनी चुलत्यांचा हात हातात घेतला.

कुलूप उघडलं नाही.

पायऱ्या पुन्हा तपासण्यात आल्या. त्या निर्दोष होत्या. सबब कुलूप सदोष ठरलं. भटजी म्हणाले, "हा मुहूर्त टळला तर पुढचा थेट सांजेला." तोवर पाहुण्यांतलं निम्मं गाव परत गेलं असतं. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला.

बाशिंग बांधलेली नवरी उठून पत्रिकेपाशी आली.

"काका, आहेराच्या पाकिटात किती घालता तुमी?"

"पाचशे एक. कधी एकशे एक."

"शेवटचा एक न्हाई घातला तर?"

"असं कसं? शकुनाचा असतो तो."

"मग कुलपाला शेवटी आठ काहून घातला असंल तुमी?"

चुलत्यांनी पत्रिकेवरच्या आठावर बोट ठेवलं. "पण शनी..."

"शनी पहिल्या आकड्याला दारात बरा का शेवटी मंगळसूत्रावर बसवलेला बरा, ते तुमीच सांगा."

आठ-दोन-पाच-एक. कुलूप उघडलं. मंगळसूत्र मुहूर्तावर बांधलं गेलं.

पंगतीत चुलत्यांनी सगळ्या पायऱ्या पुन्हा समजावल्या. दोन शक्यतांपर्यंत त्यांनीच आणलं होतं, यावर प्राध्यापकांचं एकमत झालं. "बाकी नुसतं फिरवायचं काम राहिलं होतं," चुलते म्हणाले. "ते पोरीनं बराबर केलं."

निरोपाच्या वेळी बॅग नवरीच्या हातात होती. गाडीत बसण्याआधी तिनं नंबर बदलला. चुलत्यांनी तो विचारला.

"आकडे सांगते, काका," ती म्हणाली. "क्रम तुमी काढा."