आडव्या बॅटचा नियम

नव्वदच्या दशकात अबुधाबीत आम्ही शुक्रवारी रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट खेळायचो. एकदा एक अमेरिकन आजोबा आले. "बेसबॉल खेळलोय, चालेल?"

"यल्ला, चला, या!"

पहिलाच चेंडू टोलवून, बेसबॉलच्या सवयीनं बॅट तिथंच टाकून ते धावत सुटले. आमच्यात खेळणाऱ्या एका मालवणी सुतारानं स्टंप सोडून त्या आडव्या बॅटलाच चेंडू मारला. "आउट!" विटीदांडूत जमिनीवर आडवा ठेवलेला दांडू विटीनं असाच टिपतात, लागला की गडी बाद. आम्ही हसून लोळलो. मी आजोबांना विटीदांडू समजावला.

"क्रिकेटहून जुना?"

"पुष्कळ!"

"म्हणजे बेसबॉलचाही पणजोबा! मग मी आउट. पणजोबाशी वाद घालत नाहीत." टोपी काढून त्यांनी सुताराला सलाम ठोकला.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. आमच्यात मात्र आडव्या बॅटला चेंडू लागला की अजून आउट देतात.