बुरशीवाले साडू

पुण्यात कशालाही नावं ठेवण्याची पूर्ण मुभा आहे. आमच्या साडूंच्या देखत फक्त बुरशीला नावं ठेवता येत नाहीत. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि जंगलातल्या बुरशीवर संशोधन करणाऱ्या गटाचे प्रमुख आहेत. लग्नकार्यात इतर पाहुणे जेवणाची व्यवस्था बघतात, हे मांडवाचे वासे कुठे कुजलेत ते बघतात. आमच्याकडे पावाला बुरशी आली की बायको तो लपवून टाकून देते, कारण साडूंच्या नजरेस पडला तर ते तो रुमालात गुंडाळून घरी नेतील. नव्या फ्लॅटच्या भिंतीला ओल आल्याचं रडगाणं मी एकदा त्यांच्यापुढे गायलो. त्यांनी भिंतीला नाक लावलं, समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "अभिनंदन. इतक्या लवकर सगळ्यांकडे येत नाही."

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे याबद्दल त्यांना माझी मनापासून कीव येते. "जे कुजत नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही," ते म्हणतात. "जंगलात झाड पडलं की बुरशी त्याची माती करते आणि त्या मातीत नवी रोपं येतात. तुमचा प्रोग्रॅम पडला की काय येतं?"

"बॉस," मी खरं ते सांगितलं.

पण त्यांचेच विद्यार्थी एकेक करून संगणकाचा कोर्स लावून पसार झाले. गटात उरली ती बुलढाण्याहून आलेली वैशाली. तेवढ्यात आयटीच्या जाहिराती वाचून वाचून कॉलेजच्या प्राचार्यांनाही साक्षात्कार झाला. त्यांनी साडूंना बोलावून घेतलं. "अहो, आपण तुमच्या प्रयोगशाळेत संगणक कक्ष करतोय. काळाबरोबर पुढे जायला हवं."

"आपण व्हा पुढे," साडू म्हणाले. "मागचं कुजवायला कुणीतरी थांबायला हवं."

खोली गेली. बुरशी वाढवायच्या काचेच्या बश्या साडूंच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आल्या आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी राहू लागल्या. माझ्या मेव्हणीने फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'खालच्या कप्प्यातलं आपल्या जबाबदारीवर खावे.' त्या विषयावर ती एवढंच बोलली.

इकडे जुन्या खोलीच्या खिडक्या प्लायवूडने बंद झाल्या, एसी लागला, नारळ फुटला. पावसाळा संपेपर्यंत भिंतींवर काळेहिरवे ठिपके उमटले आणि मुलं टायपिंगपेक्षा जास्त शिंकू लागली. शेवटी प्राचार्यांनी साडूंना पाचारण केलं. साडू वैशालीला घेऊन गेले आणि जावई बघावा तशी ती भिंत बराच वेळ बघत राहिले.

"काही उपाय?" प्राचार्यांनी विचारलं.

"उपाय कशाला? इतकी छान वाढलीये. आठवडाभर कुणी हात लावू नका."

प्राचार्यांचा चेहरा बघून वैशालीच पुढे झाली. "सर, एसीचं पाणी प्लायवूडमध्ये मुरतंय. पाइप बदला, प्लायवूड काढा आणि खिडक्या उघड्या ठेवा."

तसं केल्यावर ठिपके गेले. आता निदान खोलीचा एखादा कोपरा तरी परत मिळेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. प्राचार्यांनी जाहीर समारंभात साडूंना पुष्पगुच्छ दिला.

पुढे काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसलो असताना वैशाली पेढे घेऊन आली. तिला हिंजवडीला आयटी कंपनीत नोकरी लागली होती.

"सर, बाबा फोनवर रोज विचारतात, पोरगी अजून बुरशीच पाहून राहिली का? मग मी नोकरीला हो म्हणून टाकलं."

कुजण्यावरचं व्याख्यान आता सुरू होणार म्हणून मी सावरून बसलो. साडूंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "चांगलं केलंस," ते म्हणाले. "तुझ्या बश्या मी सांभाळतो. वाटलं तर येत जा."

तिने मान हलवली आणि चपला नीट न घालताच जिना उतरली.

पुढच्या रविवारी मेव्हणीने माझ्या बायकोला फोन केला, आणि बायकोने मला साडूंबरोबर टेकडीवर धाडलं. एका पडलेल्या झाडापाशी त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं आणि खिशातलं भिंग हातात दिलं. सालीखाली पांढरे, कोळ्याच्या धाग्यांहून बारीक तंतू पसरले होते. लाकडातून पाल्यात, पाल्यातून मातीत.

"दिसतंय?"

"दिसतंय."

ते झाडाकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. गुडघ्यांना खडे टोचायला लागले होते, आणि जे बघायचं ते बघूनही झालं होतं. मी भिंग डोळ्यापासून काढलं नाही.