आईचं वाढतं पोट
फिनाईलचा वास आला की आईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले होते ती सकाळ आठवते. सत्तरच्या दशकातलं नागपूर, मी मॅट्रिकला, आई अठ्ठेचाळीसची. तिची पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. पोट वाढत होतं आणि महाल भागातल्या आमच्या गल्लीत, नळावर, बायका कुजबुजत होत्या. आई बाकावरून उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. आत गेल्या गेल्या तिने विचारलं, "बाई, या वयात मले दिवस तर नाही गेले ना?" डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "नाही. गर्भाशयात गाठ आहे, साधी वाटते. पाळी कायमची गेली की अशा गाठी बहुधा आकसतात. तोवर रक्तवाढीच्या गोळ्या घ्या आणि दाखवत राहा." "अन् पाळी कधी जाईन?" "ते नाही सांगता येणार." परतताना रिक्षात आई सारखा पदर ओढून घेत होती. गल्लीच्या तोंडाशीच ती उतरली, तडक नळापाशी गेली अन् मोठ्याने म्हणाली, "आयका वं, लेकरू नाही, गाठ हाये माह्या पोटात!" मी लाजेने मागेच थांबले. दोनेक वर्षांनी तिची पाळी गेली, हळूहळू पोटही उतरलं. माझी गेली, तेव्हा मी घरात कुणालाच सांगितलं नाही.